दोन सातांच्या मधला तास

ग्वादियाना नदीत, अगदी मधोमध,
नांगर टाकून पडलेली त्यांची नाव.
नावेचं नाव खेडुल्ट.
त्यांच्या डच भाषेत, धीर.
योप सांगतो, घेतली तेव्हाच लिहिलेलं होतं,
खरवडायचा कंटाळा केला.

ओहोटीला नाळ उत्तरेकडे वळते
आणि शेगडीसमोरच्या खिडकीत पोर्तुगाल येतो :
चुन्याची घरं, कठड्यावर एक चादर,
कुत्र्याला शिव्या घालणारी म्हातारी.
भरतीला नाव पाठ फिरवते.
त्याच खिडकीत स्पेन.
वीत्स्के कालवण चढवते एका देशात,
उतरवते दुसऱ्यात.

स्पेनच्या चर्चमध्ये सात वाजतात.
तासाभराने समोर, पोर्तुगालच्या चर्चमध्ये, सात वाजतात.
मधला तास कुणाचाच नाही.
त्यात ती दोघं कॉफी पितात,
भांडायचं असेल तर भांडून घेतात,
हळू आवाजात,
कारण पाण्यावरून शब्द फार लांब जातो.
एकदा संडासाच्या पंपावरून झालं होतं.
दुसऱ्या दिवशी पाववाल्या बाईने पाव बांधता बांधता विचारलं,
झाला का दुरुस्त?

पाणी दोनशे लिटर, दहा दिवसांचं.
मग होडीतून सहा कॅन, स्पेनच्या काठावरच्या नळावरून.
पूर्वी तो वल्ही मारायचा, ती कॅन धरून बसायची.
आता ती मारते.
यावर कधी बोलणं झालं नाही.
एका सकाळी ती आधी उतरली
आणि मधल्या फळीवर जाऊन बसली, एवढंच.
तो शिडी धरून उभा राहिला क्षणभर,
उजवा गुडघा विचारात पडल्यासारखा,
मग मागे बसला, कॅनांच्यात.

बॅटरीमुळे रात्री दिवा एकच,
दिव्यामुळे पुस्तक एकच.
तो पानाच्या तळाशी पोचून थांबतो.
ती सावकाश वाचते.
तेवढ्यात तो
साखळीला अडकलेल्या बोरूंची कुरकुर ऐकतो.
वर कुठे तरी पाऊस झाला असणार.

मार्चमध्ये फोन आला. हाम्बुर्गचा कुणी.
नाव बघायला येतो, गुरुवारी, दहाला.
या, म्हणाली ती.
फोन ठेवला आणि दोघांच्या एकदमच ध्यानात आलं :
कुठले दहा, ते विचारलंच नाही.
नंबर होता. उलट फोन करता आला असता.
योप म्हणाला, बॅटरी जपून वापरायला हवी.
ती म्हणाली, खरंय.

गुरुवारी तिने डेक घासला. दोनदा.
तांब्याचा दिवा घासला, मग परत
भांड्यांच्या मागे ठेवून दिला.
पहिले दहा वाजले. कुठल्याच काठावर कुणी नाही.
दुसरे दहा वाजायला पाच मिनिटं असताना
दोघं पाणी आणायला निघाली.
टाकी भरलेली होती.

नळावर कुस्तोदियो भेटला, शेळ्या घेऊन.
या काठावर लग्न करून आलेला पोर्तुगीज,
अजून जुन्याच वेळेने जेवतो.
त्याने चार संत्री दिली, पावसाबद्दल सांगितलं,
गुडघ्याबद्दल विचारलं.
बरा आहे, योप म्हणाला.
कॅन भरले. जड झाले. उगाच.

परतताना दिसला तो,
समोरच्या धक्क्यावर, निळं जॅकेट, हात हलवत.
वीत्स्केने वल्ही वर घेतली.
टोकांवरून पाणी ठिबकत राहिलं.
भरती नुकती लागत होती
आणि रिकामी नाव, तिच्यावर कुणी नसताना,
आपली आपण वळत होती,
शेगडी, पुस्तक, दिवा, सगळं घेऊन,
त्या माणसाकडे पाठ करत.

आत्तापर्यंत असं बाहेरून कधी पाहिलंच नव्हतं.

किती वाजले? योपने विचारलं.
कुठे? ती म्हणाली.
त्याने एक संत्रं सोलायला घेतलं,
पाय कॅनवर ठेवून,
गुडघा सरळ.
माणूस अजून हात हलवत होता.